मोजणी विभाग

पासपोर्टची कोरी पानं मी एकोणतीस वर्षं मोजली
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
स्वतःचा काढला नाही.
जायचं कुठं होतं? फार तर देवळाली कॅम्प,
फार तर माहेरी, निफाडला.

सुटताना रोज झडती.
डबा उघडून दाखवायचा,
अंबाड्यातून परक्या बाईचा हात फिरायचा,
तेवढ्यात मी संध्याकाळची भाजी ठरवायची.
झडतीचं मला कोणी शिकवू नये.

मंगळवारी रात्री पावणेबाराला दार वाजलं.
मागच्या खोलीत मोफिजुल राहतो, फरशीवाला,
जिल्हा मुर्शिदाबाद, डोमकलजवळचं गाव.
पाथर्डी फाट्याच्या नव्या इमारतींत
निम्म्या न्हाण्यांना त्याच्या हाताचा उतार आहे,
पाणी साचत नाही.
त्यानं आधार दिलं, मतदार कार्ड दिलं.
साहेब म्हणाले, हे तर कुठंही मिळतं.
हवालदारानं विचारलं, पाण्याला काय म्हणतो रे?
"पानी."
"बघा साहेब, पानी म्हनतो!"
हवालदार सटाण्याकडचा.
आल्या आल्या त्यानंच मला म्हटलं होतं,
मावशी, जरा पानी द्या.

मग माझ्याकडं वळले. तुमचं काय?
माझं काय.
दाखल्यावर पंचफुला, आधारवर पंचपुला,
पेन्शनच्या पुस्तकात नुसतं पी. डी. पगारे.
जन्म एक जून.
आमच्या अख्ख्या वर्गाचा एक जून,
गुरुजींना लिहायला सोपा म्हणून.
साहेबांचाही असावा, वयावरून वाटलं.
विचारलं नाही.

त्याला नेलं.
का?
"चौकशी."
कुठं?
"कळेल."
माझ्या मोरीसाठी त्यानं कालवलेलं पांढरं सिमेंट
सकाळपर्यंत घमेल्यात दगड झालं.

प्रेसमध्ये पान बिघडलं,
शाई फाकली, कोपरा दुमडला,
तरी फेकायचं नाही.
नंबर लिहायचा, तारीख, दोघींच्या सह्या,
मग जाळायला.
एकदा एक पान कमी आलं
तर सगळी पाळी रात्री दोनपर्यंत गेटात उभी.
धाकटा तेव्हा अंगावर पीत होता,
माझा पदर ओला.
एका कोऱ्या पानासाठी.

बुधवारी ठाण्यातल्या वहीत मोफिजुल नव्हता.
"इथं कुणाला आणलंच नाही."
तिकडं त्याची तहमिना फोनवर,
तिची बांगला मला कळत नाही,
माझी मराठी तिला,
दोघी नुसत्या "हो, हो" म्हणत राहिलो.

घरी येऊन संविधान काढलं.
यांनी हयातीत आणलेलं, अजून प्लास्टिकच्या पिशवीत.
कलम बावीस: चोवीस तास.
खाली अपवाद आहेत, तेही वाचले,
न वाचता सही करायची मला सवय नाही.
कलम एकवीस.
तिथं नागरिक लिहिलेलं नाही. व्यक्ती लिहिलंय.
आणि मराठीत व्यक्ती बाई असते,
म्हणून पुढं येतं, तिचे जीवित.
त्या "तिचे"वर बोट ठेवून
मी बराच वेळ बसले.

मोजायचं मला येतं.
तेव्हा ओल्या स्पंजवर बोट टेकवून मोजायचो,
तासांना स्पंज लागत नाही.
चोवीस.
सव्वीस.
एकतिसाव्याला, गुरुवारी उजाडता,
मी पुन्हा ठाण्यात. अर्ज, दोन प्रती,
एकीवर पोच द्या म्हटलं.
बसलेला पोरगा म्हणाला, आजी, तुमचा कोण तो?
भाडेकरू म्हणणार होते.
तोंडातून भलतंच आलं:
"मोजणीत एक कमी येतंय."
त्यानं पोच दिली नाही.
मी बाकावरून उठले नाही.